प्लेअर दिला, पाट राहिला

मालन गेल्यापासून मला घराची भीती वाटायला लागली होती. भुताखेताची नव्हे, वस्तूंची. कुकरची शिट्टी झाली की मी स्वयंपाकघरातून बाहेर यायचो. गॅस बंद केला का, हे बघायला पुन्हा पुन्हा उठायचो. विहिरीचा पंप चालू करताना बटण दाबून मागे सरायचो. मागच्या खिडकीची फळी हातावर आपटते हे मला ती आपटल्यावर कळलं. पडवीतल्या लाकडांमागे फुरसं निघतं हे शेजाऱ्यांनी सांगितलं, तेही मी तिथे हात घालून झाल्यावर.

माझं आयुष्य बोटीवर गेलं. वर्षातले बरेचसे महिने बोट, उरलेले घर. मुलंबाळं झाली नाहीत. मांडवीतलं हे घर मालनने एकटीने सांभाळलं. कोणती कडी कशी लावायची, कोणत्या नळाला किती वेळाने पाणी येतं, सगळं तिच्या डोक्यात. मी सुट्टीवर यायचो, जेवायचो, झोपायचो, माणसांना भेटायचो आणि पुन्हा जायचो. नोकरी संपवून कायमचा घरी आलो आणि वर्षभरात ती आजारी पडली. शेवटी शेवटी तिला बोलवत नव्हतं. घराबद्दल तिला काय काय सांगायचं होतं, ते राहून गेलं.

तो सीडी प्लेअर मी शहाऐंशी साली योकोहामाला घेतला होता. तेव्हा रत्नागिरीत सीडी म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं. खोका खांद्यावर घेऊन मी मुंबईहून एसटीने आलो होतो. मांडी बदलली, पण खोका खाली ठेवला नाही. जपानची वस्तू, शंभर व्होल्टवर चालणारी. म्हणून तिच्याबरोबर एक जड लोखंडी डबा घ्यावा लागला. भिंतीतली वीज त्या डब्यात जाते, कमी होते आणि मग प्लेअरला मिळते. आमच्या आळीत बोटीवर गेलेल्या प्रत्येकाच्या घरी असा एक डबा असायचा. त्याला सगळे स्टेपडाऊन म्हणायचे.

प्लेअर माजघरात बुटक्या टेबलावर असायचा आणि टेबलासमोर जमिनीवर एक फणसाचा पाट. मालन दिवेलागणीला हातपाय धुऊन यायची, पाटावर उभी राहायची आणि बटण दाबायची. भजनं लागायची. गाणं देवाचं, म्हणून पाट, असं मला वाटायचं. तिचा स्वभावच तसा होता. मी कधी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मी सुट्टीवर आलो की दारात माझ्यासाठी नव्या रबरी सपाता ठेवलेल्या असायच्या. घरात घालायच्या. "टाचा किती फुटल्यात तुमच्या. फरशी गार असते," ती म्हणायची. आळीतली माणसं चेष्टा करायची. "भास्कर बोटीवरनं साहेब होऊन आला, घरात बूट घालतो." मला त्यात जरा बरंही वाटायचं.

मालनला जाऊन आठ महिने होत आले होते. दोन हजार सहा साल. गणपती दुसऱ्या दिवसावर आलेले. आमच्याकडे त्या वर्षी गणपती नव्हता, तिचं वर्ष व्हायचं होतं. सगळ्या आळीत रंगाचा वास, गणपतीवर टांगायची माटवी बांधायची धांदल, आणि माझ्या घरात मी आणि तो प्लेअर. त्याचा ड्रॉवर ती असतानाच अडकला होता. आत सीडी तशीच राहिली होती. दिवेलागण झाली की मला त्याच्याकडे बघवत नसे. म्हणून सुजय आला तेव्हा मी हो म्हणालो.

सुजय काळबादेवीचा. कचेरीत क्लार्क, वय पस्तिशीचं. जुनी यंत्रं दुरुस्त करायचा त्याला नाद. पोटासाठी नव्हे, हौस म्हणून. बोटीवर काम केलेल्यांची घरं शोधत फिरायचा आणि बंद पडलेले रेडिओ, टेपरेकॉर्डर विकत घ्यायचा. कचेरीत त्याला भंगारवाला साहेब म्हणत, हे त्यानेच मला हसत सांगितलं.

तो सकाळी स्कूटरवरून आला. प्लेअर बघितला आणि त्याचे डोळे चमकले.

"काका, हा अगदी सुरुवातीच्या काळातला आहे. असा मी फक्त चित्रात बघितलाय. विकताय ना नक्की?"

"विकतोय. पण बंद आहे. दिवा लागतो, ड्रॉवर उघडत नाही. नंतर म्हणशील काकांनी फसवलं."

"बंद असला तरच मजा. चालू यंत्रात मी काय करू? गाणी ऐकू?"

त्याला जमिनीवर कसा बसवायचा, म्हणून मी तो पाट त्याच्यापुढे सरकवला. तो पाटावर मांडी घालून बसला. प्लेअर लावला. हिरवा दिवा लागला. त्याने बटणं दाबली, वरचा पत्रा चाचपला, पत्र्याला कान लावला. ड्रॉवर आतल्या आत कुरकुरला.

"मोटर जिवंत आहे," तो म्हणाला. "पट्टा सैल झाला असेल. हे काय, तासाभराचं काम."

पैशांचं पटकन ठरलं. त्याने घासाघीस केली नाही, मीही केली नाही. प्लेअर आणि डबा गोधडीत गुंडाळून त्याने स्कूटरच्या पुढे ठेवले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर घरचा फोन नंबर लिहून दिला.

"आज रजाच टाकलीय. घरी गेलो की उघडतो. आमच्याकडे दुपारी लोडशेडिंग, दिवे नसतात, चारच्या सुमाराला येतात. तोवर सगळं मोकळं करून ठेवतो. दिवे आले की चालू करून, हात घालून बघतो अडतंय कुठे. गौरीपर्यंत वाजायला लागला तर तुम्ही यायचं ऐकायला."

"बघू," मी म्हणालो.

तो गेल्यावर घर मोकळं वाटलं. टेबलावर धुळीचा चौकोन राहिला होता. मी तो पुसला नाही. जेवलो आणि आडवा झालो.

काशी आली तेव्हा साडेतीन होत आले असतील. काशी आमच्याकडे बरीच वर्षं कामाला. भातातली बेणणी, तण काढायचं काम, म्हणून ती काही दिवस गावी गेली होती. तिने केर काढायला घेतला आणि माजघरात थांबली.

"भाऊ, मशीन कुठं गेला?"

"दिला. काळबादेवीचा एकजण घेऊन गेला सकाळी."

"आनि पाट?"

"पाट कशाला देऊ? त्याला प्लेअर हवा होता."

काशीने केरसुणी खाली ठेवली. "अवो भाऊ, पाटाबिगार तेला हात लावायचा नाय. चावतो तो."

"चावतो म्हणजे?"

"करंट मारतो. मी एकदा वल्ल्या फडक्यानं पुसायला गेली, तर त्या भितीवर जाऊन आपटली. तोंडातनं शबुद फुटंना. तवापासनं वयनीनं ह्यो पाट ठेवलान. पाटावर उभा ऱ्हायला मानूस की काय करायचा नाय तो. पन पाय जमिनीला लागला की धरतो."

मी पाटाकडे बघितलं.

"कधीची गोष्ट?"

"झाले की चारपाच पावसाळे."

"मला का नाही सांगितलंत कोणी?"

"मला वाटला तुमाला ठावं असंल. मशीन तुमचाच की. मी वयनीला म्हटला, वायरमनला दावा. तर म्हनाली, एवढ्या लांबनं खांद्यावरनं आनलानी, खराब झाला म्हटला तर जीवाला लावून घेतील. आपुन पाटावर उभा ऱ्हायचा, झाला."

सुजय पाटावर बसला होता. मांडी घालून, दोन्ही पाय वर. मीच बसवला होता. त्याने पत्र्याला हात लावला, कान लावला आणि त्याला काही झालं नाही. आता तो धरून चालला होता की पत्र्यात वीज नाही. काळबादेवीला तो झाकण काढून बसला असेल. उघडा, अनवाणी. उद्या गणपती, म्हणजे घर धुतलेलं, नाहीतर सारवलेलं. ओली जमीन. आणि चारला दिवे येणार.

मी फोनकडे गेलो. कॅलेंडरवरचा नंबर फिरवताना बोट दोनदा चुकलं. फोन वाजला. वाजत राहिला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नुसता वाजत राहिला. कोणी उचलत नाही याचा अर्थ काय, हे माझ्या मनात यायला लागलं आणि मी रिसीव्हर ठेवून दिला.

"काशी, बाबल्या नाक्यावर असेल?"

"आता आली मी तवा रिक्षात झोपला हुता."

मी निघालो. उंबऱ्यातून परत फिरलो आणि पाट उचलला. का उचलला ते सांगता येत नाही. काहीतरी हातात हवं होतं.

बाबल्याला हलवून उठवला. "काळबादेवी. पळव."

"पाट घेऊन? जेवायला चाललात काय भास्करभाऊ?"

"बाबल्या, माणूस मरेल. चल."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रिक्षा सुरू केली.

बाजारात गर्दी होती. काकड्या, तवसं, शेरवडाची पानं, माटवीला बांधायच्या कांगण्या, सगळं रस्त्यावर मांडलेलं. बाबल्या शिव्या देत, आरशाने लोकांच्या पिशव्या ढकलत पुढे काढत होता. मी पाट मांडीवर धरून बसलो होतो. बोटीवर मी वादळं बघितली आहेत. एकदा आमच्यातला एकजण लाटेबरोबर गेला तेही बघितलं आहे. पण तिथे काय करायचं ते ठरलेलं असे, कोण कुठे उभा राहणार ते ठरलेलं असे. इथे मी नुसता बसलो होतो. 

शिरगाव गेलं, साखरतरचा पूल गेला. पुढे रस्ता चिंचोळा झाला. एका वळणावर बाबल्याने रिक्षा एकदम हळू केली.

पुढे गणपती चालला होता. एक माणूस, डोक्यावर पाट, पाटावर मूर्ती, वर रुमाल झाकलेला. त्याच्या मागेपुढे घरची माणसं, एकाच्या हातात झांजा. रस्ता भरून चालले होते, पाऊल जपून. मूर्तींच्या कारखान्यापासून घरापर्यंत असंच न्यायचं असतं. घाई करायची नसते.

"हॉर्न मार," मी म्हणालो.

"देवाला हॉर्न मारू?"

"मार रे बाबा."

"माझ्याच्यानं नाय व्हायचा. तो दचकला नि मूर्ती पडली तर? वरीसभर पाप माझ्या डोक्यावर. ती पुढं वाट फुटते, तितं काढतो."

मी तोंड बाहेर काढलं. ओरडायला गेलो, पण ओरडता आलं नाही. त्या मूर्तीचा रुमाल वाऱ्याने हलत होता आणि मी त्याच्याकडे बघून मनात म्हणत होतो, जरा कडेला हो, जरा कडेला हो. देवाला असं कोणी बोललं असेल असं वाटत नाही. शेवटी झांजवाल्याने मागे बघितलं. मी पाट वर केला, का केला देव जाणे. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने सगळ्यांना कडेला घेतलं. बाबल्याने गटाराच्या काठावरून रिक्षा काढली.

काळबादेवीत सुजयचं घर विचारायला थांबलो.

"सुजय म्हणजे रेडिओवाला ना? ती खालची पाखाडी. शेवटचं घर."

जांभ्याच्या पायऱ्या होत्या, शेवाळ धरलेल्या. मी सपातांनी उतरत होतो. घरातून निघताना पायात ज्या होत्या त्याच. पाट काखेत. एका हाताने कडेच्या दगडी गडग्याला धरत उतरत होतो. अर्ध्यावर आलो आणि वरच्या घरात कोणाचा तरी पंप घरघरायला लागला. एका पडवीतला पिवळा दिवा लागला. कुठेतरी रेडिओ मधूनच बोलायला लागला.

"दिवे आले गो!" एक बाई ओरडली.

पुढच्या पायऱ्या मी कशा उतरलो ते मला माहीत नाही. कोपर सोलवटलेलं नंतर दिसलं.

शेवटच्या घराची पडवी ताजी सारवलेली होती. शेणाचा वास येत होता आणि जमीन अजून काळी ओली होती. सुजय उकिडवा बसलेला. अंगात बनियन, पाय उघडे. समोर प्लेअर, झाकण काढलेला. त्याचा डावा हात प्लेअरच्या कडेला होता. मला वाटलं तो काम करतोय. क्षणभर जीव भांड्यात पडला. मग मला त्याचं तोंड दिसलं. दात आवळलेले, मान मागे ओढलेली, डोळे माझ्याकडे. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याला बोलता येत नव्हतं. खांदा बारीक बारीक हलत होता.

आतल्या दारातून त्याची आई आली, येसूबाई. हातात चहाचा कप.

"अरे चहा घे," ती म्हणाली आणि थांबली. "सुज्या? काय रे झालं?"

कप पडला. ती त्याला धरायला धावली.

मला तेव्हाही ओरडता आलं नाही. मी मधे घुसलो आणि पाट आडवा धरून तिला मागे ढकललं. ती भिंतीला टेकली. मग मी पाट दोन्ही हातांनी वर घेतला आणि सुजयच्या हातावर मारला. हात सुटला नाही. मला वाटलं संपलं. दुसऱ्यांदा मारला तो सगळ्या अंगाने मारला. हात सुटला. सुजय कुशीवर पडला. प्लेअर उलटा झाला.

तो हलत नव्हता. येसूबाईने माझा शर्ट धरला.

"मेल्या, माझ्या पोराला मारतोस? कोण तू? माझ्या घरात येऊन पाटानं मारतोस?" ती मला बुक्क्या मारत होती. मी त्या खात सुजयकडे बघत होतो. त्याची छाती हलते का ते बघत होतो. इतकी भीती मला मालनच्या खाटेशी बसलो होतो तेव्हाही वाटली नव्हती, कारण तेव्हा पुढे काय होणार ते डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

मग त्याने श्वास घेतला. पाण्यातून वर आल्यावर माणूस घेतो तसा, आवाज करत. खोकला. पुन्हा खोकला.

"आये," तो म्हणाला. "थांब. सोड त्यांना. यंत्रानं धरलं होतं मला."

"काय?"

"काकांनी सोडवलं."

येसूबाईने माझा शर्ट सोडला आणि त्याच्याजवळ बसली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी भिंतीतली पिन काढली.  तोवर बाबल्या खाली आला होता. त्याने सुजयला उचलून ओटीवर निजवलं. तळहाताला काळा चट्टा पडला होता. मनगट सुजलं होतं, ते माझ्या पाटाने.

"डॉक्टरकडे नेऊ," मी म्हणालो.

"नेऊ. जरा बसू दे," सुजय म्हणाला. मग हसायला लागला. हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "काका, सकाळी तर काही नव्हतं त्यात. मी कान लावला होता."

"सकाळी तू पाटावर बसला होतास."

मी त्याला काशीने सांगितलं ते सगळं सांगितलं. फोन करत होतो तेही सांगितलं. येसूबाईने कपाळाला हात लावला. घर रंगवायचं म्हणून फोन आतल्या खोलीत, गाद्यांच्या ढिगाखाली गेला होता. कोणाला ऐकूच आला नव्हता.

 मी तिथेच सारवणावर बसलो. येसूबाईने पाण्याचा तांब्या आणून दिला. आता तिला माझं वाईट वाटत असावं, पण तोंडाला सवय पडलेली.

"प्या. आणि त्या सपाता काढा आधी. आत्ता सारवलंय मी, उद्या इथनं गणपती यायचाय. घरात वहाणा घालून येतात काय?"

मी खाली बघितलं. सारवणावर माझ्या सपातांचे ठसे उमटले होते, दारापासून प्लेअरपर्यंत. रबरी सपाता. मालनने ठेवलेल्या शेवटच्या.

मालन कोणाची वहाण उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. आळीतल्या बायकांना नाही, पाहुण्यांना नाही. एकदा तिचा भाऊ चुकून आत आला तर पुन्हा बाहेर पाठवला होता. आणि मला दरवर्षी नव्या सपाता, घरात घालायला. फुटलेल्या टाचा तिने आधीही वर्षानुवर्षं बघितल्या होत्या. सपाता मात्र चारपाच वर्षांतल्याच होत्या. मी सुट्टीवर यायचो, पाटबिट काही न बघता प्लेअर लावायचो, हवी ती सीडी घालायचो आणि मला कधी काही झालं नाही.

"काका, पाणी सांडतंय," सुजय म्हणाला.

मी सपाता काढल्या आणि बाहेर ठेवल्या.

डॉक्टरांनी सुजयला रात्रभर ठेवून घेतला आणि सकाळी सोडला. गणपती वेळेवर बसला. चट्टा पडलेल्या हाताला फडकं बांधून त्याने पूजा केली, हे बाबल्याने सांगितलं.

मी त्या सकाळी काशीला म्हटलं, "आज केर राहू दे. घरातलं एकेक दाखव मला. मालन काय कसं करायची ते." आम्ही सगळं घर फिरलो. माळ्याची तिसरी पायरी सडलेली आहे, तिथे पाय द्यायचा नाही. न्हाणीच्या दिव्याचं बटण कोरड्या हातानेच. गॅसची नळी मालन दर दिवाळीला बदलायची. काशी सांगत होती आणि मला आधीपेक्षा जास्त भीती वाटत होती. शेवटी मी विचारलं, "आणखी काही?" ती म्हणाली, "एवढाच मला ठावं. बाकीचा वयनीला."

गौरीच्या दिवशी सुजयचा फोन आला. "या. वाजतोय."

मी गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण गेलो. येसूबाईने दारात हात धरून आत घेतलं. पडवीत माणसं जमली होती. माटवीखाली गणपती, शेजारी गौर. प्लेअर एका कोपऱ्यात स्टुलावर. माझा पाट भिंतीला उभा करून ठेवला होता. त्याच्या कडेला एक टवका उडालेला दिसत होता.

सुजयने मला दोष समजावून सांगितला. आतली एक तार ड्रॉवरला घासून घासून उघडी पडली होती आणि पत्र्याला लागत होती. शिवाय त्या लोखंडी डब्यातही कोणीतरी तारा उलट जोडलेल्या. एकट्या एका चुकीने एवढं झालं नसतं. दोन्ही दुरुस्त केल्या. ड्रॉवरचा पट्टाही बदलला.

"आता त्यात काही नाही, काका. टेस्टर लावून दाखवतो." त्याने टेस्टर लावला. दिवा लागला नाही. "बघितलंत?"

"बघितलं."

तो स्टुलाकडे गेला. अनवाणी. मी पाट उचलला आणि स्टुलासमोर ठेवला.

"काका, खरंच काही नाही आता."

"नसू दे. उभा राहा."

बाबल्या मागून म्हणाला, "काय सुजयशेठ, पाटावर बसवून केळवण करतायत काय तुमचं?" सगळे हसले. सुजयही हसला, पण पाटाकडे बघून घुटमळला. त्याच्यासारख्या माणसाला ते कमीपणाचं वाटत असणार. स्वतः दुरुस्त केलेलं यंत्र, आणि चार माणसांसमोर त्यावर विश्वास नसल्यासारखं उभं राहायचं.

"उभा राहा रे," येसूबाई म्हणाली. "सांगतात ते ऐक. आणि पाट इथेच राहूद्या हो. मी बघते कोण पाटाशिवाय हात लावतो ते."

तो पाटावर उभा राहिला. दोन्ही पाय नीट वर घेतले. टाच बाहेर तर नाही ना, ते मी वाकून बघितलं. मग त्याने बटण दाबलं.

मी त्याच्या हाताकडे बघत होतो. बोट बटणाला लागलं, सुटलं, पुन्हा लागलं, सुटलं. गाणं सुरू झालं, माणसं गप्प झाली. कोणतं लागलं ते मला आठवत नाही.